सोनेरी दुरांटा फुलवायचा असेल तर

दुरांटा ओळखत नाही असा बागप्रेमी विरळाच, पण दुरांट्याचं फूल पाहिलेले फार थोडे. रस्त्याच्या दुभाजकावर, इमारतींच्या आवारात, हिरवळीच्या कडेला गुडघाभर उंचीची, चौकोनी छाटलेली पिवळीजर्द कुंपणं दिसतात ती बहुतेक याचीच. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्यावरून कात्री फिरते, शेंडे उडतात आणि जिथे फूल येणार होतं ती जागाच कापली जाते. म्हणून हे नुसतं पानांचं झाड आहे असा समज रुजला आहे. मोकळं वाढू दिलं तर याच झुडपाला निळसर जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात, त्यांच्यावर फुलपाखरं आणि मधमाश्या दिवसभर असतात, आणि मागाहून केशरी-पिवळी फळं धरतात. पुढचं सगळं लिहिलं आहे ते पहिल्यांदाच हे झुडूप लावणाऱ्यांसाठी, आणि त्यात मी उघडपणे फुलाची बाजू घेतली आहे.

झुडपाची थोडी ओळख

दुरांटा मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातला आणि कॅरिबियन बेटांवरचा. घाणेरी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा. लिनियसने १७५३ साली त्याचं शास्त्रीय नाव दुरांटा इरेक्टा असं नोंदवलं. त्यातलं ‘दुरांटा’ हे सोळाव्या शतकातले इटालियन वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक कास्तोरे दुरांते यांच्या नावावरून आलं आहे. साधा हिरवा दुरांटा मोकळ्या जागेत चार-पाच मीटरपर्यंतही जातो आणि त्याच्या फांद्यांना कधीकधी काटे असतात. आपल्याला हवा असलेला सोनेरी प्रकार त्याहून बराच ठेंगणा आणि सावकाश वाढणारा.

सावकाश वाढतो याचं कारण पानाच्या रंगातच आहे. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. सोनेरी पानात हे द्रव्य कमी असतं, त्यामुळे एरवी त्याच्याआड झाकले जाणारे पिवळे रंग वर दिसतात. हरितद्रव्य कमी म्हणजे झाडाला अन्नही कमी तयार करता येतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की जागा, पाणी, खत आणि छाटणीचे पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुचतात.

रोप निवडताना

रोपवाटिकेत ‘गोल्डन दुरांटा’ म्हणून जी रोपं मिळतात ती सगळी एकसारखी नसतात. काहींचं अख्खं पान लिंबासारखं पिवळं असतं. काहींचं पान मध्ये हिरवं आणि कडेला पिवळं असतं. पूर्ण पिवळ्यांतही एक प्रकार फार बुटका, गच्च आणि गोल वाढतो. कुंपणासाठी तो उत्तम, पण त्याला मुळातच फुलं कमी येतात. दुसरा जरा लांब, कमानदार फांद्यांचा असतो. फुलं हवी असतील तर हा दुसरा घ्या.

ओळखायचं कसं? दोन पेरांमधलं अंतर पाहा. पानावर पान चढल्यासारखं गच्च असेल तर तो बुटका प्रकार. पेरं सुटी आणि फांद्या बाहेर झुकलेल्या असतील तर फुलाची आशा जास्त. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे फुलांच्या दिवसांत खरेदीला जाणं आणि एखादा तरी घोस अंगावर असलेलं रोप उचलणं. लहानशा पिशवीतही जे रोप फुललं आहे, ते जमिनीत गेल्यावर फुलेलच.

रोप हातात घेतल्यावर पानं उलटी करून बघा. पांढरी माशी असेल तर ती इथेच भुर्रकन उडताना दिसते. पिशवीच्या तळाच्या भोकांतून जाडजूड मुळं बाहेर आली असतील तर रोप त्या पिशवीत फार दिवस अडकून पडलेलं आहे, ते नको. पूर्ण हिरव्या पानांची एखादी जोमदार फांदी असलेलं रोपही शक्यतो टाळा. त्याचं कारण पुढे येईलच.

जागा: सोनं उन्हात उजळतं

दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत दुरांटा मरत नाही, पण त्याचं पान पोपटी आणि मग चक्क हिरवं होत जातं. कमी उजेडात झाड पानातलं हरितद्रव्य वाढवतं, तो त्याचा जगण्याचा मार्ग आहे. सावलीत फांद्या लांब, लुळ्या होतात आणि फुलं जवळजवळ येतच नाहीत. तेव्हा ‘पानं हिरवी पडली, काय खत घालू?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खतात नसतं. झाडावर झुकलेली शेजारच्या वृक्षाची फांदी कापा किंवा कुंडी उन्हात सरकवा.

मात्र दुपारचं कडक ऊन, त्यात मागे तापलेली भिंत आणि वर माती कोरडी, असं तिन्ही एकत्र आलं की सोनेरी पान करपतं. कडा तपकिरी होतात, मध्ये पांढुरके चट्टे पडतात. जिथे उन्हाळा फार तापतो तिथे सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन आणि त्यानंतर हलकी सावली ही सर्वांत चांगली सोय. आणि रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप घरी आणल्या आणल्या भर उन्हात लावू नका. आधी तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग थोडं थोडं वाढवत दहा-बारा दिवसांत त्याला पुऱ्या उन्हाची सवय करा.

जागा ठरवताना फुलांच्या रंगाचाही विचार करावा असं मला आवर्जून सांगावंसं वाटतं. जांभळं फूल पिवळ्या पानावर फार देखणं दिसतं, पण त्यासाठी मागे शांत, गडद हिरवं काहीतरी लागतं. आधीच रंगीबेरंगी क्रोटनच्या रांगेत दुरांटा लावला तर पानं, फुलं सगळीच एकमेकांत हरवतात.

लागवड

हवेत ओल आणि ऊन सौम्य असतं तो काळ लागवडीला बरा. पावसाळ्याची सुरुवात किंवा पावसाचा जोर ओसरल्यानंतरचे दिवस. कडाक्याच्या उन्हाळ्यात आणि दव गोठवणाऱ्या थंडीत थांबा.

खड्डा साधारण ४५ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोल घ्या. जमीन कसलीही चालते, पण पाणी साचून राहणारी नको. खड्डा पाण्याने भरून बघा. तासा-दोन तासांत पाणी जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसत असेल तर जागा बदला किंवा उंचवटा करून त्यावर लावा. निघालेल्या मातीत तिच्या साधारण एक तृतीयांश इतकं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. चिकणमाती असेल तर थोडी जाडी वाळूही घाला. कच्चं शेण मात्र घालू नका, ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात.

पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, ओढून नाही. मुळांची गोल गोल गुंडाळी झाली असेल तर ती बोटांनी हलकेच सोडवा. मातीचा गड्डा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला येईल इतपतच खोल बसवा. खोड मातीत गाडलं तर ते कुजू शकतं. माती भरून हाताने दाबा, भोवती आळं करा आणि भरपूर पाणी द्या. त्यावर वाळलेली पानं किंवा भुशाचं बोटभर जाड आच्छादन पसरा, खोडापासून चार बोटं दूर ठेवून.

अंतराबाबत लोक नेहमी चुकतात, कारण पिशवीतलं रोप अगदी लहान दिसतं. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत ३० ते ४५ सेंटीमीटर पुरे. फुलांसाठी मोकळं वाढवायचं असेल तर एक ते सव्वा मीटर सोडा. पहिली काही महिने जागा ओकीबोकी दिसेल; तिथे झेंडूसारखी हंगामी फुलझाडं लावून वेळ काढता येतो.

कुंडीत लावणार असाल तर १२ ते १४ इंची कुंडी घ्या, तळाला भोकं मोकळी असू द्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एवढं साधं मिश्रण भागतं. दीड-दोन वर्षांनी पाणी घातलं की ते वरच्यावर वाहून जायला लागतं; तेव्हा मुळांनी कुंडी भरली असं समजून मोठ्या कुंडीत हलवा.

पाणी आणि खत

पहिले दोन महिने माती कोरडी पडू देऊ नका. नंतर जमिनीतल्या झाडाला रोज पाणी लागत नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसा. आत कोरडं लागलं की पोटभर पाणी द्या, ओल लागली तर राहू द्या. थोडं थोडं रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर दिलेलं पाणी मुळांना खोल नेतं. कुंडीला उन्हाळ्यात रोज लागू शकतं. कळ्या धरलेल्या असताना झाड एकदा जरी पूर्ण सुकलं तरी घोस गळतात, एवढं सांभाळा.

खत देताना हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की झाड पानांवर पान काढतं, रंग हिरवटतो, फांद्या मऊ पडतात आणि मावा ही कीड नेमकी त्याच कोवळ्या शेंड्यांवर बसते. वाढीच्या दिवसांत महिन्या-दीड महिन्याने कुंडीला दोन मुठी आणि जमिनीतल्या झाडाला तीन-चार मुठी गांडूळखत पुरतं. विकतचं दाणेदार खत वापरायचंच असेल तर नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारख्या प्रमाणात असलेलं घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. थंडीत वाढ थांबली की खतही थांबवा.

छाटणी: सगळं इथे ठरतं

दुरांट्याला फूल येतं ते त्याच हंगामात फुटलेल्या नव्या फांदीच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात. नवी फांदी फुटली, वाढली, थोडी लांब झाली, की तिच्या शेंड्याला घोस धरतो. या वाटचालीत कुठेही शेंडा कापला तर झाड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. दर पंधरवड्याला छाटलं जाणारं कुंपण वर्षानुवर्षं फुलत नाही ते यामुळेच. झाडात दोष नसतो, त्याला पुरेसे दिवस मिळत नाहीत.

म्हणून वर्षाची आखणी अशी करा. थंडी संपत आली आणि फांद्यांवरचे नवे डोळे, म्हणजे कोंब, फुगायला लागले की वर्षाची मोठी छाटणी करायची. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार असू द्या, वापरण्याआधी स्पिरिटने पुसा. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढा. मग उरलेल्या झुडपाची उंची एक तृतीयांशाने कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, किंचित तिरका घ्यायचा. हातमोजे घाला; काही रोपांना काटे असतात आणि पानांचा रस काहींच्या कातडीला सोसत नाही.

या छाटणीनंतर झुडूप काही दिवस केविलवाणं दिसतं. सोनेरी पानं फक्त बाहेरच्या, ऊन लागणाऱ्या थरावर असतात. आतली पानं हिरवट आणि फांद्या उघड्या असतात, त्या आता दिसतात. घाबरू नका. ऊन आत पोचलं की त्याच काड्यांवर पिवळे फुटवे येतात, आणि कोवळं पान नेहमीच जास्त उजळ असतं.

नवे फुटवे बोटभर लांब झाले की त्यांचे शेंडे एकदा खुडा. एका फांदीच्या दोन-तीन होतात, म्हणजे घोसही तितक्या जास्त जागी येतात. पुन्हा फुटल्यावर हवं तर आणखी एकदा खुडा. त्यानंतर कात्री ठेवून द्यायची. फांद्या वेड्यावाकड्या झुकतील, आकार बिघडल्यासारखा वाटेल, येणारे-जाणारे ‘छाटायला झालंय’ म्हणतील. थांबा. याच झुकलेल्या टोकांना काही आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. फुलं साधारण एक सेंटीमीटरची, पाच पाकळ्यांची, हलका गंध असलेली. उष्ण हवेत उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत बहर येत-जात राहतो. एक बहर संपला की त्या फांद्या घोसाच्या खाली वीतभर कापा, पुढचे फुटवे त्यातूनच येतात.

कुंपणही हवं आणि फुलंही हवीत, असं असेल तर तडजोड निघते. कुंपणाच्या दोन्ही बाजू नीट छाटा आणि वरची कड बहराच्या दिवसांत मोकळी सोडा. नाहीतर रांगेच्या टोकाचं एकेक झाड छाटणीतून वगळा. कुंपण छाटताना बुडाशी रुंद आणि वर किंचित अरुंद असा उतार ठेवा. सरळ किंवा वर रुंद छाटलं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती हिरवी पडतात, मग गळतात आणि बुडाशी नुसत्या काड्या उरतात.

हिरवी फांदी दिसली तर

सोनेरी झुडपातून अधूनमधून एखादी पूर्ण हिरवी, तरतरीत फांदी उभी राहते. नवखा माणूस तिच्याकडे पाहून खूश होतो, कारण ती सगळ्यात निरोगी दिसते. ती झाड मूळ रंगाकडे परतत असल्याची खूण आहे. हरितद्रव्य भरपूर असल्याने ती इतरांच्या कितीतरी पुढे पळते आणि सोडून दिली तर वर्षा-दोन वर्षांत सोनेरी भागाला झाकून टाकते. ती जिथून निघाली तिथपर्यंत बोट नेऊन तळापासूनच काढा. नुसता शेंडा कापलात तर खालच्या डोळ्यांतून आणखी हिरव्या फांद्या येतील. सावलीने हिरवटलेली फांदी वेगळी. तिच्यात पिवळेपणाची झाक राहते आणि ऊन मिळालं की ती उजळते.

आजार ओळखताना

पिवळ्या पानाच्या झाडाचा आजार पिवळेपणावरून ओळखता येत नाही, ही खरी अडचण. निरोगी सोनेरी पान भरलेलं आणि चकचकीत असतं, झाडाची जुनी, आतली पानं हिरवट असतात. सगळ्यात नवी पानं फिकट, पांढुरकी, लहान येऊ लागली आणि त्यांच्या शिरा हिरव्या उठून दिसू लागल्या तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता मोठी. चुनखडीची माती किंवा क्षारयुक्त पाणी असेल तिथे असं होतं; मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या मात्रेप्रमाणे द्या आणि कंपोस्ट वाढवा. याउलट जुनी पानं आधी फिकी पडून गळत असतील आणि माती सतत ओली असेल, तर मुळं गुदमरताहेत. तिथे पाणी कमी करण्यावाचून इलाज नाही.

किडींमध्ये पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या नेहमीच्या. पानं चिकट लागली, त्यावर काळी काजळी धरली, खोडावर मुंग्यांची ये-जा वाढली की यांपैकी कोणीतरी आलं आहे. आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात तेल फवारलं तर सोनेरी पान भाजतं. झाड फुलावर असेल तर फुलांवर फवारू नका, तिथे मधमाश्या येतात.

थंडीने टोकं काळवंडली तर लगेच कापू नका. मेलेली पानं खालच्या डोळ्यांना थोडं झाकतात. थंडी पूर्ण सरली की जिवंत लाकडापर्यंत छाटा. खोडाची साल नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.

फळांबद्दल, नीट वाचा

दुरांट्याची फळं दिसायला मोहक आणि विषारी आहेत. पानांतही विषारी द्रव्यं असतात. पक्ष्यांना फळं चालतात, माणसांना आणि कुत्र्या-मांजरांना नाही. घरात रांगतं मूल असेल, पाळीव प्राणी असेल, तर फुलं वाळली की फळ धरायच्या आत घोस कापून टाका. झाडाची शक्तीही पुढच्या बहराला वाचते. मुलं रोज खेळतात त्या अंगणात मी तर दुरांटा लावूच नये म्हणेन. कोणी फळं खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि झाडाची एक फांदी दाखवायला सोबत न्या. छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नका.

घोस कापण्याला दुसरंही कारण आहे. पक्ष्यांनी खाल्लेल्या फळांतून बिया दूरवर जातात. पूर्व ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर दुरांटा असाच बागेबाहेर पडून रानात माजला आहे. तुमची बाग जंगलाला, ओढ्याला किंवा माळरानाला लागून असेल तर फळं पिकू न देण्याची जबाबदारी तुमची.

एकाची अनेक रोपं

बियांपासून सोनेरी रोप मिळेल याची खात्री नसते, बरीच हिरवी निघतात. रंग टिकवायचा तर फांदीच लावायला हवी. यंदाची, पण जरा कडक झालेली, वाकवली तर लवणारी आणि पटकन न मोडणारी फांदी निवडा. ती पूर्ण सोनेरी असावी; हिरव्याकडे परतलेल्या फांदीपासून हिरवंच झाड होणार. १० ते १५ सेंटीमीटरचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापा, वरची दोन-चार पानं ठेवा, ती मोठी असतील तर अर्धी करा, खालची सगळी काढा. फुलं-कळ्या असतील तर त्याही खुडा.

निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट भरलेल्या लहान कुंडीत किमान दोन पेरं आत जातील असा तुकडा रोवा. मुळं फुटवणारी पावडर असेल तर लावा, नसली तरी दुरांटा सहसा लागतो. पाणी घालून वरून पारदर्शक पिशवी सैल झाका आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवा. रोज एकदा पिशवी उघडून हवा द्या. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. नवी पानं आली म्हणजे मुळं आलीच असं नाही. तुकडा हलकेच ओढून बघा, मातीने धरून ठेवला तर खरं. मगच वेगळ्या कुंडीत लावा आणि आठवडाभर थेट उन्हापासून दूर ठेवा. पाच-सहा तुकडे एकदम लावावेत, एखाद-दुसरा कुजतोच. या रोपांची पानं सुरुवातीला सावलीमुळे पोपटी असतील. उन्हात नेल्यावर जुनी पानं हवा तसा रंग धरणार नाहीत, रंग बघायचा तो त्यानंतर फुटलेल्या पानांवर. पहिल्या वर्षी शेंडे खुडून झुडूप भरू द्यावं. फुलांसाठी त्याला मोकळं सोडायचं ते दुसऱ्या हंगामात.